सोन्याची श्यामिका

'रघुवंशा'च्या आरंभी कालिदास आपल्या काव्याची परीक्षा जाणकारांवर सोपवतो. बरे-वाईट ओळखणाऱ्या सज्जनांनी हे काव्य ऐकावे असे सांगताना तो सोन्याचा दृष्टांत देतो : सोने शुद्ध आहे की त्यात श्यामिका आहे, हे विस्तवात कळते. हा श्लोक वर्गात शिकवताना आपण बहुधा उपमेयाकडे धाव घेतो. कवीचा विनय, रसिकाचा अधिकार, समीक्षेची भारतीय कल्पना, असे बरेच काही त्यातून काढता येते. 'श्यामिका' हा शब्द मात्र 'काळेपणा' एवढा अर्थ सांगून मागे पडतो. मल्लिनाथ तिथे क्षणभर थांबतो. श्यामिका म्हणजे दुसऱ्या धातूच्या संसर्गातून आलेला दोष, असा अर्थ तो देतो. या एवढ्याशा टीपेत आजच्या रसायनशास्त्राने दुरुस्त करावे असे काही नाही. सोने स्वतः काळे पडत नाही. त्याच्या संगतीला असलेले तांबे काळे पडते.

या काळेपणाचा इतिहास लिहायचा तर तो फार मागे जातो. पण मला विशेषतः ज्या काळाविषयी लिहायचे आहे, तो अगदी अलीकडचा आहे. १९६३ ते १९६६ या वर्षांत भारतात नवे दागिने चौदा कॅरटांपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे घडवण्यास बंदी होती. म्हणजे कालिदासाने जिला दोष म्हटले ती श्यामिका त्या काळात जवळजवळ सरकारी नियमानेच दागिन्यात शिरली. त्या बंदीचे आर्थिक विश्लेषण पुष्कळ झाले आहे. धातूच्या बाजूने तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

आमच्या आत्याचे लग्न १९६४ सालचे. त्या लग्नातल्या मोत्यांच्या कुड्या आजही घरात आहेत. सात-सात मोत्यांची दोन फुले. त्याच डबीत आजीच्याही कुड्या आहेत, त्या कितीतरी आधीच्या. आजीच्या कुड्यांचे सोने पिवळेधमक आहे. आत्याच्या कुड्यांची तार मोत्यांच्या भोकांपाशी तपकिरी-काळी झालेली आणि फिरकीच्या आट्यांत हिरवट मळ साचलेला. लहानपणी मला वाटे, आजीच्या कुड्या नव्या आणि आत्याच्या जुन्या. आई म्हणायची, "चौदा कॅरटातल्या आहेत त्या." याहून अधिक काही सांगण्याची गरज तिला वाटत नसे.

आधी विस्तवाचे पाहू. तांबे तापले की हवेतला प्राणवायू घेते आणि त्याच्यावर काळी साय धरते. ते सोन्यात मिसळलेले असले तरी पृष्ठभागावरचे तांबे हेच करते. म्हणून भट्टीतून निघालेला हिणकस तुकडा काळा दिसतो आणि शुद्ध तुकडा होता तसाच राहतो. चांदीची गोष्ट वेगळी आहे. चांदीचा प्राणवायूशी झालेला संयोग उष्णतेत टिकत नाही, पुन्हा मोडतो; त्यामुळे सोन्यात केवळ चांदी मिसळली असेल तर विस्तव ती पकडू शकत नाही. ते सोने फिकट दिसते, पण काळे पडत नाही. कालिदासाची परीक्षा तांब्यापुरती चोख, चांदीपुरती अपुरी, असे म्हणावे लागेल. कवीकडून याहून अधिक काय अपेक्षा करायची! पण सोनाराला ही उणीव ठाऊक होती आणि म्हणूनच विस्तवाच्या जोडीला कसोटीचा काळा दगड आला. त्यावर ओढलेल्या रेघेचा रंग माहितीच्या सोन्याच्या रेघेशी ताडून पाहायचा, हीच ती 'कस' लावण्याची रीत. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्षाची जी प्रकरणे आहेत, त्यांत कसोटीवरच्या रंगांचा तपशील आहे आणि सोनार चोरी कोणत्या पाच मार्गांनी करतो याची यादीही आहे. त्याच ग्रंथात अशुद्ध सोने शुद्ध करण्यासाठी मिसळीच्या चौपट शिसे घालावे असे सांगितले आहे. ही रीत समजून घेण्यासारखी आहे. तापलेले शिसे प्राणवायू घेऊन वितळते आणि तांब्यासारख्या धातूंची काजळी आपल्याबरोबर वाहून नेते. मागे सोने उरते. ज्या क्रियेने दागिना काळवंडतो, तिलाच इथे सफाईच्या कामाला जुंपले आहे.

धातूंच्या टिकाऊपणाची उतरंडही आपल्याकडे फार पूर्वी लावली गेली. 'रसार्णव' या रसशास्त्राच्या ग्रंथात सोने, चांदी, तांबे, लोखंड, कथील आणि शिसे असे सहा धातू सांगून यांतला प्रत्येक आधीचा धातू पुढच्यापेक्षा अधिक अक्षय आहे, असे म्हटले आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी प्राचीन भारतीय रसायनाचा इतिहास लिहिताना हा ग्रंथ आधुनिक वाचकांसमोर आणला. ही उतरंड केवळ निरीक्षणावर बेतलेली आहे. तिच्यामागे अणू नाहीत की विद्युतभार नाहीत. तरीही सोने, चांदी, तांबे हा वरचा क्रम आजच्या कोष्टकांतही तोच आहे. खालच्या टोकाला थोडी अदलाबदल करावी लागते, इतकेच.

मराठीने या साऱ्या परीक्षा आपल्या रोजच्या बोलण्यात मुरवून घेतल्या. 'तावून सुलाखून निघणे' यात दोन निरनिराळ्या परीक्षा आहेत. तावणे म्हणजे तापवणे, ही कालिदासाची परीक्षा. सुलाखणे म्हणजे भोक पाडून आतला धातू पाहणे, कारण वरून सोने आणि आत दुसरेच काही, अशी लबाडी विस्तवाच्या वरवरच्या तापाला सापडत नाही. 'कसाला उतरणे', 'कसोटी', 'बावनकशी', 'हिणकस', 'मुशीतून निघणे' हे सारे सोनाराच्या दुकानातून आलेले. 'पितळ उघडे पडणे' हा मुलामा झिजण्याचा वाक्प्रचार आहे. 'बेगडी' चकचकीत पातळ पत्र्यावरून आला. इंग्रजी अमदानीत आलेल्या 'गिलिटा'लाही आपण लवकरच या कुळात बसवले. माणसाच्या सचोटीविषयी बोलताना मराठी जितक्या वेळा सोनाराकडे जाते, तितक्या वेळा लोहाराकडे किंवा सुताराकडे जात नाही. संत नरहरी सोनारांनी तर आपल्या धंद्याची अवघी हत्यारे, मूस आणि हातोडीसकट, अभंगात नेऊन देवाच्या कामाला लावली.

या शब्दांत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो 'डाग'. कपड्यावरचा डाग आणि अब्रूवरचा डाग आपल्याला ठाऊक असतात. सोनार दोन तुकडे जोडतो तोही डाग. आणि 'अंगावर सोन्याचा एक डाग नाही' म्हणतो तेव्हा डाग म्हणजे चक्क दागिना. 'डागडागिने' हा जोडशब्द तर सर्रास वापरात आहे. व्युत्पत्तीकारांनी हे अर्थ वेगवेगळ्या मुळांकडे नेले तरी बोलणाऱ्याच्या तोंडी ते एकाच उच्चारात नांदतात. आणि धंद्यातही ते शेजारीच असतात. दागिन्यावर काळा डाग प्रथम धरतो तो बहुधा जोडाच्या डागापाशीच, कारण जोडासाठी लवकर वितळणारे, म्हणजे अधिक तांबे-चांदीचे, हलके सोने वापरलेले असते.

चांदीविषयी थोडे विषयांतर करतो. चांदी काळी पडली की 'खोटी निघाली' असे म्हणण्याची रीत आहे. वास्तविक शुद्ध चांदीही काळी पडते. हवेतल्या गंधकाच्या वायूंचा अंशही तिला पुरतो. अंडे, कांदा, लसूण, लोकर, रबर यांपैकी काहीही त्या कामाला चालते. तिच्यावर आधी पिवळसर झाक येते, मग तांबूस-तपकिरी, मग निळसर-काळी. थर जसजसा जाड होतो तसतसे रंग बदलत जातात. हा प्राणवायूचा थर नव्हे, गंधकाचा. त्यामुळे बाजारात 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून जी मुद्दाम काळवलेली चांदी मिळते, तिच्या नावातच चूक आहे. तिच्यावर ऑक्साइड नावालाही नसते, असतो तो सल्फाइड. अर्थात भाषेत एकदा रुळलेले नाव असल्या हरकती ऐकून घेत नाही. सांगायचे ते एवढेच, की काळेपणाचा अर्थ धातूगणिक बदलतो. चांदीत तो तिचा स्वभाव आहे. सोन्यात तो मिसळीचा पुरावा आहे. आपल्याकडे चांदी पायात आणि सोने कमरेच्या वर, हा जो दंडक आहे, त्यामागे सोन्याला लक्ष्मी मानण्याची श्रद्धा आहे हे खरेच. पण जोडवी आणि पैंजण वरचेवर उजळून घ्यावे लागतात आणि गळ्यातली पुतळ्यांची माळ पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते, हा अनुभवही त्या श्रद्धेच्या आधाराला असणार.

आता १९६३ कडे येऊ. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मधल्या चीनबरोबरच्या युद्धानंतर परकीय चलनाची टंचाई तीव्र झाली होती. त्या काळी जागतिक भाव औंसाला ३५ डॉलर असा बांधलेला होता. तेव्हाच्या विनिमयदराने तो तोळ्याला साडेबासष्ट रुपयांच्या आसपास पडे. भारतातला भाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. इतकी तफावत असली की चोरटी आयात होणारच, आणि ती पश्चिम किनाऱ्यावर मुबलक होत होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सोन्याची मागणीच कमी करायचे ठरवले. जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रणाचे नियम आले. दागिन्यांखेरीज जवळ असलेले सोने जाहीर करणे भाग पडले आणि नवा दागिना चौदा कॅरटांच्या वर घडवायचा नाही, असे ठरले.

मोरारजींचा युक्तिवाद फेटाळून लावण्यासारखा नव्हता. पाश्चात्त्य देशांत लोक चौदाच काय, त्याहूनही हलक्या सोन्याचे दागिने घालतात. इंग्लंडमध्ये तर १८५४ पासून नऊ कॅरटाला कायद्याने मान्यता आहे. शिवाय चौदा कॅरट सोने कठीण असते, लवकर झिजत नाही. नवरीला नटायचेच असेल तर ती चौदा कॅरटांतही नटेल, आणि सोने साठवण्याचा सोस मात्र सुटेल, असा तो हिशेब. माझ्या मते हिशेबातली चूक दोन ठिकाणी होती आणि दोन्ही ठिकाणे धातूशी निगडित होती.

पहिली चूक कळण्यासाठी वजनाऐवजी अणू मोजावे लागतात. चौदा कॅरट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोने, शेकडा ५८ हून थोडे अधिक. ऐकताना वाटते, निम्म्याहून अधिक सोनेच आहे की! पण सोन्याचा अणू फार जड, तांब्याच्या अणूच्या तिपटीहून अधिक. उरलेल्या भागात तांबे आणि चांदी निम्मे-निम्मे धरली तर चौदा कॅरटाच्या दर शंभर अणूंत सोन्याचे भरतात साधारण ३६. बावीस कॅरटात हेच प्रमाण ऐंशीच्या वर जाते. काळवंडणे ही पृष्ठभागावर अणूगणिक घडणारी क्रिया आहे. तराजूशी तिला देणेघेणे नाही. मिश्रधातूत उत्तम धातूचे अणू निम्म्याच्या आसपास असले की हलक्या धातूला संरक्षण मिळते आणि त्याखाली गेले की ते सुटते, हे जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव टामान यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच प्रयोगांनी दाखवले होते. बावीस कॅरट त्या रेषेच्या अलीकडे आहे, चौदा कॅरट पलीकडे. मधल्या आठ कॅरटांचा फरक केवळ किमतीचा नव्हता. न काळवंडणारा धातू आणि काळवंडू शकणारा धातू यांच्यातली सीमा त्या आठांमध्ये पडते.

मग इंग्लंड-जर्मनीत हे का चालते? तिथे दागिना बव्हंशी प्रसंगी घालायचा असतो आणि त्याच्या किमतीत कारागिरीचा वाटा मोठा असतो. आपल्याकडच्या पाटल्या, मंगळसूत्र, कुड्या अंगावरून उतरतच नाहीत. घाम आणि त्यातले मीठ, चुलीचा धूर, कांदा-लसणाचे हात, कोकणातली दमट हवा, हे सारे त्या सोन्याला रात्रंदिवस भेटत राहते. आणि दागिन्याकडे पाहणारी नजरही वेगळी. आपल्याकडे दागिना अडीअडचणीला मोडायचा असतो. सराफ मोड घेताना घट धरतो, घडणावळ सोडून देतो आणि भाव देतो तो कसाचा. अशा समाजात रंग हे सौंदर्याइतकेच हिशेबाचे लक्षण असते. तांबूस झालेली पाटली पाहून सासरची माणसे जे मनात म्हणतील, ते कोणत्याही अर्थमंत्र्याच्या भाषणाने पुसले जाणारे नव्हते.

दुसरी चूक अधिक गंभीर, कारण तिची किंमत ग्राहकाने नव्हे तर सोनाराने मोजली. आपल्या सोनाराचे सारे कसब मऊ, शुद्ध सोन्यावर उभे होते. बागेसरीतले निखारे, फुंकणी, सवागी, चिमटे आणि हातोड्या, एवढ्या सरंजामावर तो ठुशीपासून तोड्यांपर्यंत सारे घडवी. बावीस कॅरटाचा पत्रा हातोडीखाली पसरतो, तार ओढताना साथ देते आणि आचेतून निघाली की थोड्या सफाईने उजळते. चौदा कॅरट चार ठोक्यांत कडक होते, पुन्हा पुन्हा भाजावे लागते आणि प्रत्येक भाजणीला त्याच्यावर तांब्याची काळी साय धरते. ती काढायला तेजाब हवे, पुन्हा चकाकी आणायला यंत्र हवे, आणि रंग सारखा दिसावा म्हणून वर विजेचा मुलामा हवा. पत्रा कापून ठशात दाबणाऱ्या कारखान्याला हा धातू मानवतो. गावातल्या पेठेत गुडघे मोडून बसणाऱ्या कारागिराला मानवत नाही.

कुंदनकामाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. कुंदनात रत्नाभोवती सोन्याच्या अत्यंत पातळ पट्ट्या बसवून केवळ दाबाने त्या एकजीव करतात. डाग नाही, विस्तव नाही. हे शक्य होते कारण शुद्ध सोन्याच्या पृष्ठभागावर प्राणवायूचा थरच नसतो. धातू धातूला थेट भेटतो आणि थंडपणीच जुळतो. तांब्याची भेसळ वाढली की मध्ये ती अदृश्य साय येते आणि पट्ट्या एकमेकींना धरत नाहीत. चौदा कॅरटात कुंदन करता येत नाही ते याच कारणाने. एका नियमाने एक कलाच बाद ठरली.

याचे परिणाम लगेच दिसू लागले. देशभर लाखो सोनारांचे काम बसले. दैवज्ञ, लाड, पांचाळ अशा ज्या ज्या समाजांत हा धंदा पिढीजात होता, तिथे घरेच्या घरे रिकाम्या हातांनी बसली. दुकानातली राख-माती विकत घेऊन तिच्यातून सोन्याचे कण धुऊन काढणारे झारेकरी या साखळीच्या अगदी टोकाला होते. सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या संसदेत चर्चेला आल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेखाली मोरारजी मंत्रिमंडळाबाहेर पडले आणि ते वर्ष संपण्यापूर्वीच ग्राहकाचे जुने सोने त्याच कसात पुन्हा घडवून देण्याची सवलत कारागिरांना मिळाली. चौदा कॅरटांची अट पुरती उठली ती १९६६ मध्ये, सोनारांच्या आंदोलनानंतर. नियंत्रण मात्र उठले नाही. १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा आला. तेव्हा मोरारजी पुन्हा अर्थमंत्री होते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. तो कायदा रद्द झाला १९९० मध्ये.

त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. हरकचंद रतनचंद बांठिया यांचा हा खटला १९६९ मध्ये निकाली निघाला. न्यायालयाने कायद्यातली काही कलमे अवाजवी निर्बंध म्हणून रद्द केली. साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यातला दुसरा एक मुद्दा रोचक वाटावा. अर्जदारांचे म्हणणे असे होते, की सोनाराचे काम हे वैयक्तिक कौशल्याचे, कलेचे काम आहे. त्याला 'उद्योग' म्हणता येत नाही, आणि म्हणून संसदेला त्यावर या रीतीने कायदा करता येत नाही. न्यायालयाने हे मानले नाही. दागिने घडवणे हा पद्धतशीर उत्पादनाचाच प्रकार आहे, म्हणून तो उद्योग, असा निर्णय झाला. कलाकृती कुठे संपते आणि उत्पादन कुठे सुरू होते, यावर आपण चर्चासत्रांत निबंध वाचतो. इथे तो प्रश्न पोटापाण्याच्या भांडणात विचारला गेला आणि त्याचे उत्तर कायद्याच्या नोंदीत गेले. निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेलही. पण भाजणीगणिक धातूचा रंग डोळ्यांनी पाहून पुढचा ठोका ठरवणाऱ्या माणसाला 'पद्धतशीर उत्पादन' हे शब्द कितपत लागू पडतात, याविषयी मला शंका आहे.

रत्नांविषयी या लेखात फारसे आले नाही, त्याला कारण आहे. माणिक, नीलम यांना प्राणवायूचे भय नाही. त्यांची घडणच मुळी प्राणवायूशी संयोग पावलेल्या ॲल्युमिनियमची. हिऱ्याला ते आहे, पण तो त्यासाठी जाळावा लागतो. लाव्हाझिएने अठराव्या शतकात मोठ्या भिंगाखाली हिरे जाळून पाहिले आणि १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट यांनी हिरा म्हणजे शुद्ध कार्बन हे सिद्ध केले. जळाल्यावर मागे काळेपणाही उरत नाही. खरा नाजूक जीव मोत्याचा. तो चुनखडीच्या जातीचा. घाम, अत्तर, लिंबू, कोणतेही आम्ल त्याचे 'पाणी' उतरवते. मोती आणि हलके सोने एकत्र आले की मोठीच पंचाईत होते. तारेवरचा काळा थर काढायला चिंच-लिंबू किंवा तेजाब हवे आणि मोत्याला नेमके तेच सोसत नाही. आत्याच्या कुड्या साठ वर्षे डागाळलेल्या राहिल्या त्या यामुळेच. कुणी हयगय केली नव्हती.

आज चौदा कॅरट परत आले आहे, आणि तेही खुशीने. हॉलमार्किंग २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले तेव्हा मान्यताप्राप्त कसांत बावीस आणि अठराच्या बरोबरीने चौदाही होते. हिऱ्याच्या अंगठ्या आणि रोजच्या वापरातले नाजूक डूल चौदा कॅरटात मिळतात. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियमचा पातळ थर असतो, तो झिजला की पुन्हा द्यावा लागतो. मुली ते हौसेने घेतात. त्यांच्या बोलण्यात 'हिणकस' हा शब्द येत नाही. मोरारजींना जे सक्तीने साधले नाही, ते सोन्याच्या वाढत्या भावाने साधले आहे.

गेल्या वर्षी आत्याच्या कुड्यांचा एक मोती सैल झाला, म्हणून त्या ओळखीच्या सोनाराकडे नेल्या. त्याने मोती उतरवले, तार पाहिली, फिरकी काढली आणि भिंग डोळ्याला लावून बराच वेळ कानात जाणारी दांडी निरखत बसला. मग ती कसोटीवर घासली. म्हणाला, "तार चौदाची, फिरकी चौदाची. पण दांडी बावीसची आहे. म्हणून फिरकी इतकी खराब झाली. दोन कसांचं सोनं घामात टेकलं की हलकं आधी जातं." 'रसार्णवा'ची उतरंड तो मला त्याच्या भाषेत समजावून देत होता. दांडी खरोखरच पिवळीधमक होती. आत्याचा कान कधी चिघळला नाही, हे मला तेव्हा आठवले.

घरी येऊन आत्याला विचारले. ती आता ऐंशीच्या पुढची आहे. म्हणाली, "आईची एक बुगडी हरवली होती. दुसरी एकटी ठेवून काय करायची? सोनाराला दिली. म्हटलं, कानात जाईल तेवढ्याला तरी हे लाव."